वेताळाचे पोस्टर

मागील स्नेहसंमेलनाच्या वेळी शाळेच्या फाटकावर लावलेल्या एका पोस्टरवरून बरीच चर्चा झाली, ती पालकांच्या व विश्वस्त मंडळींच्या स्मरणात असेलच. नववीच्या विद्यार्थ्यांनी मोबाईलवर वीस मिनिटांचा चित्रपट तयार केला होता. शाळेतली एक मुलगी, झाडावरचा वेताळ आणि त्यांची मैत्री, असा त्याचा विषय. पोस्टरवर मात्र लांब सुळे, ओठांतून गळणारे रक्त आणि कुठल्याशा परदेशी नटाचा चेहरा! पहिलीतील एक बालक ते पाहून रडू लागले व आत यायलाच तयार होईना. आम्ही पोस्टर उतरविले. मुले नाराज झाली आणि म्हणाली, "मग कसे करायचे ते तरी सांगा, सर." प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना जी माहिती मिळाली, ती येथे देत आहोत.

भीतीचा आणि मराठी सिनेमाचा संबंध जुना आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या १९२० च्या 'सैरंध्री' या मूकपटात कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले होते की ते गाळावे लागले. हेच बाबूराव आपल्या चित्रपटांची पोस्टरेही करीत. त्यांच्या 'कल्याण खजिना' या चित्रपटाचे १९२४ चे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या सचित्र भारतीय पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते. पुढे मोठे फलक हाताने रंगविण्याचा धंदाच उभा राहिला. लहान चित्रावर चौकटी आखायच्या, तशाच मोठ्या चौकटी कापडावर आखायच्या आणि एकेक चौकट भरीत जायची. एम. एफ. हुसेन यांनीही तरुणपणी मुंबईत असे फलक रंगविले आहेत. फ्लेक्स आल्यावर ते काम बहुतेक बंद पडले.

आमच्या वयाच्या पालकांना रामसे बंधूंच्या चित्रपटांची पोस्टरे आठवत असतील. १९९० च्या 'बंद दरवाजा'त तर रक्तपिपासू सैतानच होता. तेथे सुळे दाखविणे योग्यच, कारण प्रेक्षक तेच पाहायला येत. पण किशोरांसाठीच्या कथेचे तसे नसते. स्टेफनी मेयर यांच्या 'ट्वायलाइट' या २००५ च्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर काळ्या पार्श्वभूमीवर दोन फिकट हात आणि त्यांत एक लाल सफरचंद, एवढेच आहे. २००८ साली त्यावर चित्रपट निघाला. त्याच्या पोस्टरवर निळसर काळोखात एक मुलगी व तिच्यामागे पांढुरक्या चेहऱ्याचा मुलगा. रक्ताचा थेंब नाही. हा मुलगा तिला जपणार की तिचा घात करणार, हे पाहणाऱ्याने स्वतःला विचारायचे. नववीच्या मुलांची कथाही अशीच होती. पोस्टर मात्र दुसऱ्याच चित्रपटाचे झाले होते.

शिवाय आपला वेताळ हा परदेशी रक्तपिपासू नव्हे. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागर'मध्ये तो झाडाला टांगलेल्या प्रेतात राहून राजाला कोडी घालतो. कोकणात व गोव्यात तर तो गावाची राखण करणारा देव आहे. आदित्य सरपोतदार यांच्या २०२५ च्या 'थामा' या हिंदी चित्रपटात बेतालांना रक्तपिपासू केले आहे, तो त्यांचा अधिकार. आम्ही मुलांना एवढेच विचारले, "तुमच्या वेताळाची खूण कोणती?" उत्तर आले, "उलटे लटकणे." मग नव्या चित्रात झाड आले, फांदीला अडकविलेले शाळेचे दप्तर आले आणि वरच्या पानांत उलटे दोन पाय. चेहरा नाहीच.

अक्षरांचा भाग अधिक कठीण निघाला. भयपटाच्या नावाला रक्ताचे ओघळ देण्याची पद्धत इंग्रजी अक्षरांवरून आलेली आहे. देवनागरीत अक्षराखाली ओघळ आला की तो उकारासारखा दिसतो. मुलांच्या पहिल्या पोस्टरवर 'वेताळ'चे 'वेताळु' झाले होते आणि तिसरीची मुले तसेच वाचत होती! त्यात काळ्यावर लाल अक्षरे. मंद उजेडात लाल रंग डोळ्यांना आणखी काळपट दिसतो, म्हणून संध्याकाळी पाच पावलांवरूनही नाव वाचता येईना. यावेळी गडद निळ्यावर हळदी रंगाची अक्षरे घेतली, कागद भिंतीवर लावला आणि मुलांना वीस पावले मागे उभे केले. आधी दप्तर दिसले, मग नाव, आणि जवळ गेल्यावर पाय!

एका विश्वस्तांचे मत असे की शाळेत हा विषयच नको. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून आम्ही असहमत आहोत. वेताळाच्या गोष्टी मुले घरी आजीकडून ऐकतातच. त्यांचा दुसरा मुद्दा मात्र आम्हाला पटला. आता सिनेमाला 'यूए १३+', 'यूए १६+' अशी वयाप्रमाणे प्रमाणपत्रे मिळतात, पण ती प्रेक्षागृहापुरती. फाटकावरचे चित्र तर पहिलीचे मूलही पाहणार. म्हणून खाली 'पाचवीपासून पुढे' असे लिहिले आणि पोस्टर फाटकाऐवजी ग्रंथालयाच्या दारावर लावले.

एक चूक आमचीही सांगितली पाहिजे. आदिलाबादच्या दुकानातून छपाईपूर्वीचा नमुना आला, तो आम्ही स्वतः पाहून मंजूर केला. छापून आल्यावर आठवीची एक मुलगी म्हणाली, "सर, हा वेताल कोण?" ळ च्या जागी ल! आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, डोळ्याला तेच रूप सवयीचे. तेलुगूतही 'बेताळ' असा ळ आहे, म्हणजे बाजारहत्नूरच्या तेलुगूभाषक मुलालाही जे खटकले असते ते आमच्या नजरेतून सुटले. दुकानदाराचा दोष नव्हता. दुसऱ्या छपाईचे पैसे आम्ही भरले.

'वेताल'च्या प्रती कार्यालयाच्या कपाटात आहेत, फाटकावरून उतरविलेले पहिले पोस्टरही तेथेच आहे. मुलांना तिन्ही शेजारी ठेवून पाहायची असल्यास त्यांनी मधल्या सुट्टीत यावे. पालकांनी शनिवारी दुपारी आले तरी चालेल.