एन्कोडरचा संदेश का तुटतो?

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस पहाडगंज आहे. तेथील हॉटेलांच्या इमारती अरुंद भूखंडांवर दाटीने उभ्या आहेत. अशा इमारतीत छतावर यंत्रखोलीस जागा नसली, म्हणजे कायम चुंबकाची, गिअरविरहित मोटर लिफ्टच्या विहिरीतच वरच्या टोकास बसविता येते. ही मोटर चालविणारा ड्राइव्ह आणि कारखान्यातील सर्व्हो ड्राइव्ह यांचे तत्त्व एकच असल्यामुळे एकाच्या व्याधी दुसऱ्यासही जडतात. त्यांपैकी सर्वांत फसवी व्याधी म्हणजे एन्कोडरशी संवाद तुटणे.

मोटरीचा फिरता भाग या क्षणी कोणत्या कोनात आहे हे कळल्यावाचून वेटोळ्यांत प्रवाह कसा सोडावा हे ड्राइव्हला ठरविता येत नाही. ही खबर एन्कोडर देतो. ‘एन्डॅट’ या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीत वीज चालू होताच अंकीय संदेशाद्वारे निरपेक्ष कोन विचारून घेतला जातो. पुढे साइन व कोसाइन या दोन तरंगांवरून फिरण्याचा माग ठेवला जातो. लिफ्टच्या एन्कोडरमध्ये एका फेऱ्यास बहुधा २०४८ तरंग असतात. अंकीय संदेशासोबत पडताळणीचे अंक येतात. ते जुळले नाहीत किंवा उत्तरच आले नाही, तर ड्राइव्ह मोटर थांबवितो आणि ब्रेक लागतो. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असेल, तर आतील प्रवासी तेथेच अडकतात.

दोषसूचनेत एन्कोडरचे नाव दिसताच तोच बदलावयास घेणे हा उतावीळपणा होय. सूचनेचा अर्थ एवढाच, की विश्वासार्ह उत्तर ड्राइव्हपर्यंत पोहोचले नाही. दोष केव्हा उद्भवतो, हे आधी पाहावे. मोटर स्थिर असताना, वीज देताच तो येत असेल, तर जोडणी, पुरवठा किंवा ड्राइव्हमध्ये नोंदविलेला एन्कोडरचा प्रकार यांवर संशय घ्यावा. मोटरीस प्रवाह मिळताच येत असेल, तर विद्युत-गोंगाटाचा विचार करावा. कारखान्यात यंत्राचा हात विशिष्ट जागी गेला असतानाच तो येत असेल, तर वाकून वाकून तुटलेली तार शोधावी.

पुरवठ्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. समजा, केबल २० मीटर लांब असून तारेचा छेद ०.१४ चौरस मिलिमीटर आहे. जाऊन-येऊन ४० मीटर तांब्याचा रोध सुमारे ५ ओहम भरतो. एन्कोडरने १५० मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर वाटेतच पाऊण व्होल्ट खर्ची पडतो. ड्राइव्हच्या टोकास ५ व्होल्ट असले, तरी एन्कोडरला सव्वाचारच मिळतात. आणि अशा एन्कोडरला किमान पावणेपाच हवे असतात. म्हणून व्होल्टमापक ड्राइव्हपाशी नव्हे, एन्कोडरपाशी लावावा. उत्पादकाने दिलेल्या संवेदन-तारा जोडल्या असतील, तर ड्राइव्ह ही तूट भरून काढू शकतो.

गोंगाटाचा उगम बहुधा मोटरीच्या केबलमध्येच असतो. ड्राइव्ह सेकंदास हजारो वेळा व्होल्टता उघडझाप करतो, आणि शेजारून गेलेल्या एन्कोडर-केबलमध्ये तिचे पडसाद उमटतात. दोन्ही केबली वेगळ्या वाटांनी न्याव्यात, संदेशाच्या तारा जोडीजोडीने पिळलेल्या असाव्यात, आणि केबलीवरील धातूचे वेष्टण पूर्ण घेराने पकडीत दाबलेले असावे. त्या वेष्टणाची शेपटी वळून स्क्रूखाली अडकविण्याची रीत सर्वत्र दिसते. पण उच्च वारंवारतेस ती जवळजवळ निरुपयोगी ठरते.

तपासणी करताना वीज चालू असता जोड काढू नये. मेगर तर एन्कोडरच्या तारांना कधीही लावू नये. त्याच्या ५०० व्होल्टांनी आतील नाजूक मंडल जळते, आणि मग पूर्वी नसलेला दोष खरोखरच निर्माण होतो.

एवढे करूनही एन्कोडर बदलावाच लागला, तर नव्याचे शून्य आणि चुंबकाचा ध्रुव यांतील कोन वेगळा असतो. ड्राइव्ह-उत्पादकाच्या पद्धतीने तो पुन्हा मोजून नोंदवावा लागतो. जुनीच नोंद राहिली, तर मोटर कण्हते, भरमसाट प्रवाह ओढते, प्रसंगी उलटही फिरते. म्हणून पहिली चाचणी प्रवाशांविना, तपासणीच्या मंद वेगाने आणि ब्रेकची आधी खात्री करून घ्यावी.