हुकूम, स्थगिती आणि एक हजार रुपये

आमच्या मंडळाच्या सभागृहात नाटक असले, की ऐनवेळी येणाऱ्या मंडळींसाठी मधल्या वाटेत लोखंडी खुर्च्या टाकल्या जातात. टाकणाऱ्याच्या मनात आतिथ्याखेरीज काही नसते. मीही त्या कितीदा उचलून आणल्या आहेत. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रगृहाच्या खटल्याची हकीकत वाचल्यापासून मात्र त्या खुर्च्यांकडे पाहवत नाही.

१३ जून १९९७, शुक्रवार. ‘बॉर्डर’ चित्रपटाचा दुपारचा खेळ चालू असता तळमजल्यावरील वीज मंडळाच्या ट्रान्सफॉर्मरने पेट घेतला. धूर जिन्यांवाटे बाल्कनीत शिरला. तेथे जादा आसने बसवून उजवीकडची वाट बुजविलेली होती आणि त्या बाजूचे दार मालकांच्या आठ आसनी खासगी कक्षाने अडविले होते. ५९ माणसे मरण पावली. बहुतेकांना ज्वाळांनी नव्हे, धुरानेच गाठले.

हे सारे कोणाच्या ध्यानात आले नव्हते काय? आले होते. दिल्लीतील एका इमारतीस आग लागल्यानंतर जून १९८३ मध्ये चित्रगृहांची तपासणी झाली, ‘उपहार’मध्ये दोष सापडले, आणि परवाना चार दिवस निलंबित करण्याचा हुकूम निघाला. चार दिवस! मालकांनी त्यावर उच्च न्यायालयातून स्थगिती मिळविली. पुढली १४ वर्षे चित्रगृह तात्पुरत्या परवान्यांवर चालत राहिले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की आसनांच्या बहुतेक फेरफारांना कोणत्या ना कोणत्या कचेरीची संमती होती. कागदोपत्री सगळे नीटनेटके, आणि दार मात्र बंद.

आता शिक्षेचे पाहू. परवान्याच्या अटी मोडल्यास चित्रपटविषयक कायद्यात कमाल दंड होता १,००० रुपये, आणि गुन्हा चालू राहिल्यास रोजचे १०० रुपये. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास दंडसंहितेचे ३०४-अ हे कलम. त्यात कमाल शिक्षा दोन वर्षे, मग मेलेला एक असो वा ५९. मालक असलेल्या अन्सल बंधूंना २००७ साली तेवढीच झाली. उच्च न्यायालयाने २००८ साली ती एका वर्षावर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली प्रत्येकी ३० कोटी रुपये भरण्याच्या अटीवर उरलेला तुरुंगवास माफ केला. २०१७ साली फेरविचार होऊन धाकट्या बंधूंस वर्ष पुरे करण्यास पाठविले, थोरल्यांना वयामुळे सूट मिळाली.

याच खटल्यातील पुराव्याचे कागद फाडले व गहाळ केले गेले होते. त्याबद्दल २०२१ साली शिक्षा सुनावली गेली ती सात वर्षांची. पुढल्याच वर्षी ती भोगलेल्या काळापुरती कमी झाली हे खरे; तरीही दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने घडलेल्या मृत्यूची कमाल शिक्षा पाच वर्षे झाली आहे. परंतु सरकारी हुकूम मोडून केवळ जीवितास धोका निर्माण केला, तर फार तर एक वर्ष कैद किंवा ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. लग्नाच्या कार्यालयातील एका पंगतीचा खर्च याहून अधिक असतो.

या आगीत आपली दोन्ही मुले गमावलेल्या नीलम व शेखर कृष्णमूर्ती यांनी मृतांच्या आप्तांची संघटना उभारून हा खटला पंचवीस वर्षे लढविला. मुलांच्या खेळाची तिकिटे आईनेच काढून दिली होती.

गेल्या महिन्यातील नाटकाला एक वृद्ध गृहस्थ उशिरा आले. कार्यकर्ता खुर्ची घेऊन धावला. मी त्यांना माझी जागा दिली, त्या पोराला खुर्ची परत नेण्यास सांगितले आणि तिन्ही अंक दाराबाहेर उभा राहून ऐकले.