बाणाची लांबी आणि ताठपणा : एका परिभाषेचा विचार

'तिरकमठा' हा मराठीतील जोडशब्द तीर आणि कमठा, म्हणजे बाण आणि धनुष्य, या दोन वस्तूंना एकाच नावात बांधतो. भाषेने केलेली ही जोडणी यंत्रशास्त्राच्या दृष्टीनेही यथार्थ आहे. अमुक बाण चांगला अथवा वाईट, हे विधान धनुष्याचा उल्लेख केल्यावाचून करता येत नाही. एका धनुष्यावरून सरळ जाणारा बाण दुसऱ्यावरून सुटताच बाजूला भरकटतो. शिकारीच्या धनुष्यासाठी बाण निवडताना त्याची लांबी किती असावी आणि दांडा किती ताठ असावा, असे दोन प्रश्न विचारले जातात. ते वस्तुतः एकाच प्रश्नाची दोन अंगे होत, हे दाखविणे आणि या विषयातील संज्ञा व अंक कोठे फसवितात हे पाहणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने वन्य प्राण्यांच्या शिकारीस, कायद्यात नमूद केलेले अपवाद वगळता, बंदी घातली. त्यामुळे येथील विवेचन प्रामुख्याने अमेरिकेतील व्यवहारावर आधारलेले आहे. सॅक्स्टन पोप या शल्यचिकित्सकाचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरील पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्या देशात या विद्येला नवे अनुयायी मिळाले. मापनाच्या रूढ पद्धतीही बहुतांशी तेथेच ठरल्या. म्हणून इंच आणि पौंड ही मापे येथे तशीच ठेवली आहेत.

बाण सुटताना काय घडते

साध्या लाकडी धनुष्यात दोरी धनुष्याच्या मध्यरेषेत असते, बाण मात्र मुठीच्या एका अंगास टेकलेला असतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगास येतो. दोरी पुढे धावू लागली की ती बाणाचे शेपूट मध्यरेषेकडे नेते. बाण जर मुळीच न लवणारा असता, तर त्याचे टोक डावीकडे वळले असते आणि बाण त्याच दिशेने गेला असता. प्रत्यक्षात जुळणारा बाण नेमलेल्या जागी जातो. या वरवरच्या विसंगतीला इंग्रजीत 'तिरंदाजाचा विरोधाभास' अशा अर्थाचे नाव आहे.

या विरोधाभासाची उकल विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अतिजलद छायाचित्रणाने झाली. क्लॅरेन्स हिकमन या भौतिकीतज्ज्ञाचे या संशोधनातील कार्य विशेष उल्लेखनीय आहे. दोरीचा धक्का शेपटाला बसतो, टोकाकडील फळ आपल्या जडत्वामुळे जागचे हलण्यास वेळ घेते, आणि या दोहोंच्या कात्रीत सापडलेला दांडा लवतो. दोरी बोटांवरून निसटताना किंचित बाजूला सरकते. त्यामुळे लवण्याची दिशाही ठरून जाते. प्रथम दांड्याचा मध्य धनुष्याकडे फुगतो, नंतर विरुद्ध बाजूस फुगतो, आणि पुन्हा दिशा बदलत असताना शेपटाकडील पिसे धनुष्याला न घासता निघून जातात. बाण धनुष्याला जणू वळसा घालून जातो. पुढील कंप पिसांच्या अवरोधाने हळूहळू शमतो.

ताठपणाचे महत्त्व येथे स्पष्ट होते. दांड्याच्या लवण्याचा वेग आणि बाण धनुष्यापासून सुटण्यास लागणारा काळ यांचा मेळ बसला पाहिजे. दांडा फार ताठ असेल, तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार लवचीक असेल, तर उजवीकडे. ज्या धनुष्याच्या मुठीवर खाच कापून बाण मध्यरेषेजवळ आणलेला असतो, त्यावर बाणाला कमी वळसा घालावा लागतो. म्हणून तेथे अधिक ताठ दांडा चालतो, किंबहुना तोच लागतो.

एक शब्द, परस्परविरुद्ध अंक

दांड्याच्या या गुणाला इंग्रजीत 'स्पाइन' म्हणतात. लाकडी दांड्यांची जुनी पद्धत अशी : दांडा २६ इंच अंतरावरील दोन आधारांवर आडवा ठेवावयाचा, मध्यावर २ पौंडांचे वजन टांगावयाचे आणि दांडा किती इंच खाली झुकला ते मोजावयाचे. २६ या संख्येला त्या झुकावाने भागले की पौंडांतील अंक मिळतो. झुकाव ०.५२ इंच असेल तर दांडा ५० पौंडांचा ठरतो. येथे अंक मोठा म्हणजे दांडा अधिक ताठ.

कार्बनच्या दांड्यांची आजची पद्धत निराळी आहे. आधारांतील अंतर २८ इंच, वजन १.९४ पौंड, आणि झुकावच इंचाच्या सहस्रांशांत सांगावयाचा. ०.५०० इंच झुकणारा दांडा '५००' चा. येथे अंक मोठा म्हणजे दांडा अधिक लवचीक. ॲल्युमिनियमच्या दांड्यांवर तिसराच संकेत असतो. '२०१६' हा अंक थेट ताठपणा सांगतच नाही. नळीचा बाह्य व्यास इंचाचे २०/६४ आणि तिच्या भिंतीची जाडी इंचाचे १६/१००० आहे, एवढेच तो सांगतो. ताठपणा त्यावरून कोष्टकात पाहावा लागतो.

संज्ञा एक असल्यामुळे पहिल्या दोन पद्धतींचे अंक एकमेकांत सहज बदलता येतील, असा समज होतो. ५०० च्या दांड्यासाठी २६ ला ०.५ ने भागले तर ५२ पौंड येतात. पण हे उत्तर चूक आहे. झुकाव आधारांतील अंतराच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. २८ ऐवजी २६ इंच अंतर आणि १.९४ ऐवजी २ पौंड वजन घेतले, तर तोच दांडा सुमारे ०.४१३ इंच झुकेल आणि त्याचा जुना अंक ६३ पौंडांच्या आसपास येईल. लाकडी दांडे पाच-पाच पौंडांच्या गटांत विकले जातात. म्हणजे या चुकीने निवड दोन गटांनी ढळते.

लांबी वेगळी का काढता येत नाही

वरील दोन्ही मापनांत आधारांचे अंतर ठरलेले असते. दांडा नंतर कितीही लांब अथवा आखूड कापला, तरी त्यावर छापलेला अंक बदलत नाही. धनुष्यावर मात्र सबंध दांडा लवतो, आणि तेथे घनाचा नियम पुन्हा पुढे येतो. २८ इंचांऐवजी ३० इंच लांबी ठेवली तर, त्याच बळाखाली झुकाव सुमारे २३ टक्क्यांनी वाढेल. फळ जड केले तरी टोकाचे जडत्व वाढून दांडा अधिक लवतो. म्हणून मेजावर मोजलेला तो 'स्थितिक' ताठपणा आणि सुटत्या बाणाच्या ठायी दिसणारा तो 'गतिक' ताठपणा, असा भेद करणे आवश्यक आहे. निवड दुसऱ्याची करावयाची असते, छापलेला असतो तो पहिला.

निवडीचा क्रम यावरून ठरतो. प्रथम तिरंदाजाची ओढ मोजावी. मुद्दाम लांब ठेवलेला, इंचांच्या खुणा केलेला बाण नेहमीच्या ढबीत पूर्ण ओढावा आणि धनुष्याच्या पुढच्या कडेशी येणारी खूण दुसऱ्या व्यक्तीने टिपावी. बाणाची लांबी दोरीच्या खाचेच्या तळापासून दांड्याच्या टोकापर्यंत धरतात. फळ तीत येत नाही. शिकारीच्या फळाला धारदार पाती असतात. ती पूर्ण ओढीतही हाताच्या व धनुष्याच्या पुढेच राहावीत, म्हणून ओढीपेक्षा साधारण एक इंच अधिक लांबी ठेवणे सुरक्षित असते. आखूड बाण टेकणीवरून मागे घसरला तर सुटताना हातातच घुसू शकतो. येथे काटकसर करू नये. त्याहून अधिक लांबी मात्र वजन आणि लवचीकता वाढविते.

दुसरी पायरी धनुष्याच्या भाराची. धनुष्यावर लिहिलेला भार २८ इंच ओढीचा असतो. ओढ एका इंचाने कमी-अधिक झाली की तो सामान्यतः २ ते ३ पौंडांनी बदलतो. समजा, धनुष्यावर ५० पौंड लिहिले आहे आणि ओढ २७ इंच आहे. प्रत्यक्ष भार सुमारे ४७ ते ४८ पौंड होईल. मध्यरेषेपर्यंत न कापलेल्या धनुष्यासाठी, २८ इंच लांब लाकडी बाण आणि १२५ ग्रेन, म्हणजे सुमारे ८ ग्रॅम वजनाचे फळ धरल्यास, ४५ ते ५० पौंडांचा गट आरंभास योग्य. त्याच तिरंदाजाने ३० इंचांचा बाण घेतला, तर दर इंचास ५ पौंड या रूढ ठोकताळ्याने ५५ ते ६० चा गट पाहावा लागेल. लांबी बदलताच ताठपणाचे उत्तर बदलले. म्हणून लांबी आधी निश्चित करून मगच गट निवडावा.

कोष्टक आरंभ दाखविते, निर्णय देत नाही. एकाच गटातील, शक्यतो सारख्या वजनाचे काही बाण घ्यावेत. प्रथम पिसांविना आणि नंतर शिकारीच्या फळासह जवळून मारून पाहावेत. पिसे दोष झाकतात, तर रुंद पात्यांचे फळ हवेत स्वतःच सुकाणूसारखे वागून तोच दोष वाढविते. सरावाच्या साध्या टोकाने मिळालेला समाधानकारक निकाल म्हणूनच पुरेसा मानता येत नाही.

मराठी संज्ञेविषयी

बाणाच्या दांड्याकडे पाहण्याची दृष्टी आपल्या परंपरेला अपरिचित नव्हती. चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीतील धनुर्वेदप्रकरणात पुढे जाड तो बाण स्त्री, मागे जाड तो पुरुष आणि सर्वत्र सारखा तो नपुंसक, असे वर्गीकरण आहे. लक्ष्यवेधासाठी तिसरा प्रशस्त मानला आहे. जाडी कोठे आहे यावर दांड्याचे लवणे आणि तोल ही दोन्ही अवलंबून असतात, हे लक्षात घेता हे वर्गीकरण केवळ आलंकारिक नव्हे.

'स्पाइन' साठी 'कणा' हा शब्दशः प्रतिशब्द मात्र टाळावा. कणा म्हणजे वस्तूच्या आत असलेले, तिचे स्वतःचे अंग. येथे अभिप्रेत आहे तो मोजणीच्या अटींवर अवलंबून असणारा गुण. 'ताठा' या शब्दाला गर्वाचा अर्थ चिकटलेला आहे. 'ताठपणा' हा शब्द साधा आहे आणि 'स्थितिक', 'गतिक' ही विशेषणे सहज पेलतो. त्याच्या अंकाबरोबर आधारांतील अंतर आणि टांगलेले वजन नोंदविण्याची शिस्त पाळली, तर दोन पद्धतींची गल्लत होणार नाही.

हा आग्रह पांडित्यासाठी नाही. लक्ष्याच्या फळीवर चार बोटे चुकलेला बाण परत उपटून घेता येतो. हरणाच्या फुप्फुसाऐवजी पोटात लागलेला बाण परत घेता येत नाही. ते जनावर जखमी अवस्थेत रानात दूर जाते आणि पुष्कळ वेळाने मरते. तिरंदाजाचा हात स्थिर असूनही, चुकीच्या लांबीमुळे किंवा उलट वाचलेल्या अंकामुळे हे घडू शकते.