रॅटच्या रक्तातील बीडीएनएफ : आकडा आणि त्यामागचा प्रश्न

प्रयोगशाळेच्या अहवालात एखादा आकडा दशांश चिन्हासह छापलेला असला की त्याला आपोआपच एक अधिकार प्राप्त होतो. हिमोग्लोबिन, रक्तशर्करा, क्रिएटिनिन अशा नित्याच्या तपासण्यांच्या बाबतीत आपला हा विश्वास बहुतांशी सार्थ ठरतो. परंतु ग्रॅमचा अब्जावा भाग किंवा त्याहूनही सूक्ष्म प्रमाणात आढळणाऱ्या प्रथिनांचे मोजमाप ही वेगळीच बाब आहे. गेल्या काही दशकांत नैराश्य, स्मृतिभ्रंश, पक्षाघात, मधुमेह अशा अनेक विकारांच्या संदर्भात ज्याचे नाव सातत्याने घेतले जाते, ते बीडीएनएफ, म्हणजेच ब्रेन डिराइव्ड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर, हे असेच एक प्रथिन. त्याविषयीच्या ज्ञानाचा मोठा भाग रॅट या प्रयोगप्राण्यावर उभा आहे. तो आकडा कसा मिळतो आणि कोठे फसवतो, हे प्रयोगशाळेत न जाणाऱ्या चिकित्सकानेही समजून घेणे हितावह आहे; कारण त्याच प्रकारच्या चाचण्यांवर आपण रोज रुग्णांविषयीचे निर्णय घेत असतो.

दीड किलो मेंदू, एक मायक्रोग्रॅम प्रथिन

चेतापेशींना जगण्यासाठी व वाढण्यासाठी विशिष्ट प्रथिनांचा आधार लागतो, ही कल्पना रिटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी यांच्या संशोधनातून रुजली. 1950 च्या दशकात त्यांनी व स्टॅन्ली कोहेन यांनी नर्व्ह ग्रोथ फॅक्टरचा शोध लावला आणि 1986 मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी हा घटक मोजण्याची रीत मोठी मनोवेधक होती. कोंबडीच्या गर्भातील चेतागंडिका संवर्धन द्रवात ठेवायची, तीत नमुना मिसळायचा आणि गंडिकेभोवती चेतातंतूंचे प्रभामंडळ किती दाट उमटते ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. प्रथिनाचे वजन नव्हे, त्याचे कार्य मोजले जात असे.

बीडीएनएफचा शोधही अशाच जैविक कसोटीच्या साहाय्याने लागला. 1982 मध्ये ईव्ह-आलाँ बार्द, डेव्हिड एडगर व हान्स थ्योनेन यांनी डुकराच्या मेंदूतून हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. सुमारे दीड किलो मेंदूपासून हाती आले ते केवळ एक मायक्रोग्रॅम! एवढ्या अल्प प्रमाणात असलेला पदार्थ एका प्राण्याच्या काही थेंब रक्तात मोजायचा, तर नेहमीची रासायनिक पद्धत उपयोगाची नव्हती. तेथे प्रतिपिंडांची मदत घेणे अपरिहार्य होते.

प्रतिपिंडांची साखळी

प्रतिपिंडाचा मोजपट्टी म्हणून उपयोग करण्याचा मार्ग रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन यांनी दाखवला. 1960 च्या सुमारास त्यांनी किरणोत्सारी खूण लावलेल्या इन्सुलिनच्या साहाय्याने रक्तातील इन्सुलिन मोजले. बर्सन 1972 मध्ये निवर्तले. यालो यांना 1977 मध्ये नोबेल मिळाले. 1971 मध्ये स्टॉकहोम येथे एंगवाल व पर्लमन यांनी, आणि त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये व्हान वीमेन व स्कूर्स यांनी, किरणोत्सारी खुणेऐवजी विकराचा, म्हणजे एन्झाइमचा उपयोग केला. हीच आपल्या परिचयाची एलायझा चाचणी.

बीडीएनएफसाठी बहुधा तिचा 'सँडविच' प्रकार वापरतात. प्लास्टिकच्या पट्टिकेवर 96 खळगे असतात. प्रत्येकाच्या तळाशी एक प्रतिपिंड चिकटवलेले असते. नमुन्यातील बीडीएनएफ त्याला बिलगते. धुलाईनंतर दुसरे प्रतिपिंड घालतात. ते त्याच रेणूच्या दुसऱ्या भागाला धरते. या दुसऱ्या प्रतिपिंडावर बायोटिन असते, बायोटिनला स्ट्रेप्टॅव्हिडिन घट्ट धरते आणि स्ट्रेप्टॅव्हिडिनसोबत पेरॉक्सिडेज हे विकर येते. त्याच्यायोगे रंगद्रव्य निळे होते, आम्ल घातल्यावर पिवळे होते आणि 450 नॅनोमीटर तरंगलांबीवर त्याची दाटी मोजली जाते.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की यंत्र बीडीएनएफ मोजत नाही, पिवळा रंग मोजते. ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांवरून आखलेल्या वक्राशी तुलना करून त्या रंगाचे पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात, रूपांतर केले जाते. रंग आणि प्रथिन यांच्यामधल्या साखळीतील कोणताही दुवा सैल झाला, तरी यंत्र आकडा देतच राहते.

एक शब्द, दोन प्राणी

मराठीत आपण रॅट आणि माऊस या दोघांनाही सरसकट उंदीर म्हणतो. प्रयोगशाळेत मात्र हे दोन निरनिराळे प्राणी आहेत. प्रौढ रॅटचे वजन साधारणपणे अडीचशे ग्रॅम किंवा त्याहून अधिक, तर माऊसचे पंचवीस-तीस ग्रॅम. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत 1906 पासून जोपासलेल्या पांढऱ्या रॅटचा वंश आजही जगभर वापरात आहे.

बीडीएनएफच्या बाबतीत या दोघांतील भेद निर्णायक आहे. माणसाप्रमाणेच रॅटच्या रक्तबिंबिकांमध्ये बीडीएनएफचा साठा असतो. माऊसच्या रक्तबिंबिकांमध्ये तो जवळजवळ नसतोच. त्यामुळे रॅटच्या सीरममध्ये हे प्रथिन सहज मोजता येते, तर माऊसच्या सीरममध्ये विश्वासार्ह चाचणीला ते सापडत नाही. असे असूनही माऊसच्या सीरममध्ये बीडीएनएफचे भरघोस आकडे नोंदवणारे निबंध छापले गेले आहेत. असा आकडा दिसला, तर त्या चाचणीने नेमके काय मोजले, हा प्रश्न वाचकाने विचारलाच पाहिजे.

सीरम की प्लाझ्मा?

साठा बिंबिकांत असल्यामुळे रक्त घेण्याची रीत हीच मोजमापाची पहिली पायरी ठरते. रक्त गोठते तेव्हा बिंबिका आपला साठा बाहेर टाकतात; साहजिकच सीरममधील पातळी प्लाझ्माच्या कित्येक पट असते. रक्त गोठण्यासाठी अर्धा तास दिला की एक तास, यानेही आकडा बदलतो. एका गटातील प्राण्यांचे रक्त लगेच सेंट्रिफ्यूज केले आणि दुसऱ्या गटाचे दुपारच्या जेवणानंतर, तर औषधाचा परिणाम म्हणून जे दिसेल तो प्रत्यक्षात घड्याळाचा परिणाम असू शकेल.

प्लाझ्मा हवा असेल, तर अडचण उलट आहे. ईडीटीएमध्ये घेतलेले रक्त एकदाच हलक्या वेगाने फिरवले, तर वरच्या द्रवात बिंबिका शिल्लक राहतात. तो नमुना गोठवून पुन्हा वितळवला की त्या फुटतात व साठा मोकळा होतो. म्हणून प्लाझ्मा दुसऱ्यांदा वेगाने फिरवून बिंबिकामुक्त करून घ्यावा लागतो.

या बारकाव्याचा वैद्यकीय अर्थही मोठा आहे. उपचार न घेतलेल्या नैराश्यग्रस्त रुग्णांच्या सीरममध्ये बीडीएनएफ कमी असल्याचे करेझ व सहकाऱ्यांनी 2002 मध्ये नोंदवले आणि मानसोपचारात या चाचणीविषयी मोठ्या आशा निर्माण झाल्या. 2005 मध्ये त्याच गटाने असे मांडले की या कमी पातळीचे कारण बहुधा बिंबिकांतून होणारे उत्सर्जन कमी असणे, हे असावे. अर्थात ज्याला आपण मेंदूची खबर समजत होतो, ती निदान अंशतः रक्तबिंबिकांची खबर होती. रॅटमध्ये रक्तातील व हिप्पोकॅम्पसमधील बीडीएनएफ यांच्यात संबंध आढळल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तथापि संबंध म्हणजे एकरूपता नव्हे, आणि एका प्राणिजातीतील संबंध दुसरीत गृहीत धरता येत नाही.

प्रतिपिंडाला काय दिसते?

पूर्ण तयार झालेल्या बीडीएनएफच्या साखळीत 119 अमिनो आम्ले असतात आणि माणूस, रॅट व माऊस या तिघांतही त्यांचा क्रम एकच आहे. म्हणून माणसासाठी बनवलेला संच रॅटसाठी चालू शकतो. मात्र हे सौभाग्य प्रत्येक ग्रोथ फॅक्टरच्या वाट्याला येत नाही. रक्तवाहिन्यांची वाढ घडवणाऱ्या व्हीईजीएफचा मुख्य प्रकार माणसात 165 अमिनो आम्लांचा, तर रॅटमध्ये 164 चा; क्रमातही फरक आहे. तेथे रॅटसाठीच पारखलेला संच हवा.

शिवाय बीडीएनएफ प्रथम लांबट पूर्वरूपात तयार होते. पूर्वरूप व तयार रूप यांची कार्ये अनेकदा परस्परविरोधी असतात. एक चेतापेशीला तगवते, तर दुसरे तिला मरणाकडेही ढकलू शकते. काही प्रतिपिंडे या दोहोंत भेद करतात, काही करत नाहीत. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात बाजारातील सहा संच तपासले, तेव्हा त्यांच्या आकड्यांत व अचूकतेत लक्षणीय तफावत आढळली.

इतर ग्रोथ फॅक्टरच्या तऱ्हा आणखी निराळ्या. टीजीएफ-बीटा-1 रक्तात व ऊतींमध्ये प्रायः सुप्त जोडरूपात असते; आम्लाने ते मुक्त केल्याशिवाय बहुतेक चाचण्यांना दिसत नाही. आयजीएफ-1 हे बंधक प्रथिनांना जखडलेले असते. त्याची सुटका न करता मोजल्यास उत्तर चुकते.

रॅटच्या नमुन्यातील आणखी एक खाच सांगावयास हवी. रॅट व माऊस हे जवळचे नातलग असल्यामुळे, माऊसच्या प्रतिपिंडाला ओळखण्यासाठी वापरलेले दुय्यम प्रतिपिंड रॅटच्या स्वतःच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही चिकटू शकते. मग बीडीएनएफ नसतानाही पिवळा रंग उमटतो.

साध्या कसोट्या

या फसगतींवरचे उपाय खर्चिक नाहीत. पहिला उपाय विरलनाचा. समजा, सीरम पन्नास पट पातळ केल्यावर मूळ पातळी मिलिलिटरला 4 नॅनोग्रॅम निघाली, तर शंभर पट पातळ करूनही ती 4 च्याच आसपास यायला हवी. ती 7 निघाली, तर सीरममधील अन्य काही घटक चाचणीत अडथळा आणत आहेत, असे समजावे. दुसरा उपाय भर घालण्याचा. नमुन्यात ज्ञात प्रमाणात शुद्ध प्रथिन मिसळावे आणि ते पुरेसे परत सापडते का, ते पाहावे. तिसरा उपाय मांडणीचा. प्रमाणित द्रावणांना दुहेरी खळग्यांत 16 जागा दिल्या, तर 80 उरतात. त्यांत 40 प्राण्यांचे नमुने दुहेरी बसतात. हे चारही गट पट्टिकेवर विखरून ठेवावेत. एक गट कडेला आणि दुसरा मध्यभागी ठेवल्यास कडेच्या खळग्यांतील तापमानाचा फरक गटांमधील फरक म्हणून मिरवू लागतो. मोजणाऱ्याला कोणता नमुना कोणत्या गटाचा, हे ठाऊक नसावे, हे वेगळे सांगणे नलगे.

दोन ऋणे

अडीचशे ग्रॅमच्या रॅटच्या अंगात सुमारे 16 मिलिलिटर रक्त असते. जिवंत ठेवून एका वेळी घ्यावयाचे तर त्यातील दहा टक्के, म्हणजे सुमारे दीड मिलिलिटर, ही रूढ मर्यादा. मेंदूतील बीडीएनएफ मोजायचे असेल, तर प्राण्याला प्राणाचेच मोल द्यावे लागते. रसेल व बर्च यांनी 1959 मध्ये पर्याय शोधणे, संख्या घटवणे व यातना कमी करणे ही त्रिसूत्री मांडली. आपल्या देशातही 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर नियंत्रण आहे आणि संस्थेच्या नीतिसमितीची संमती बंधनकारक आहे. परंतु समितीने चाळीस प्राण्यांना संमती दिल्यानंतर रक्त गोठण्याची वेळच पाळली गेली नाही, तर ते चाळीसही जीव व्यर्थ गेले. मोजमापातील काटेकोरपणा हाही प्राणिदयेचाच भाग आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत प्रबंधासाठी रॅटवर काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या मनावर आपण ज्येष्ठांनी हे बिंबवावयास हवे.

दुसरे ऋण रुग्णांचे. थायरॉइड, ट्रोपोनिन, प्रोलॅक्टिन, एचसीजी या नित्याच्या चाचण्या त्याच प्रतिपिंडांच्या तत्त्वावर चालतात. केस व नखांसाठी मोठ्या मात्रेत बायोटिन घेणाऱ्या व्यक्तीत बायोटिनवर आधारलेली सँडविच चाचणी खोटी कमी येऊ शकते. 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयी इशारा दिला. अशा चाचणीत ट्रोपोनिन खोटे कमी आल्यानंतर एका रुग्णाचा मृत्यू झाल्याची नोंद त्यात होती. पिट्यूटरीच्या मोठ्या गाठीत प्रोलॅक्टिन अतोनात वाढलेले असताना दोन्ही प्रतिपिंडे स्वतंत्रपणे व्यापली जातात, सँडविच जुळतच नाही आणि आकडा फसवा मध्यम येतो. त्यावरचा उपाय तोच, जो रॅटच्या सीरमसाठी सांगितला : नमुना पातळ करून पुन्हा मोजणे.

म्हणून चिकित्सेतील चित्र आणि अहवालातील आकडा यांचा मेळ बसत नसेल, तेव्हा रुग्णावर अविश्वास दाखवण्यापूर्वी प्रयोगशाळेला दूरध्वनी करावा. नमुना सीरमचा की प्लाझ्माचा, किती वेळ ठेवला होता, पातळ करून पाहिला का आणि रुग्ण बायोटिन घेतो का, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत. एखादा निबंध वाचतानाही निष्कर्षाआधी पद्धतीचा परिच्छेद वाचण्याची सवय लावून घ्यावी. त्या परिच्छेदात या प्रश्नांची उत्तरे नसतील, तर त्यातील आकड्यांवरून आपल्या रुग्णाचे औषध बदलण्याची घाई करू नये.