खाडीवरचा वर्ग

तारापूरच्या खाडीला दिवसातून दोनदा भरती येते, हे तिथल्या मांगेल्याच्या पोराला फळ्यावर लिहून दाखवावे लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा जुन्या माणसांचा हिशेब. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे सुमारे तीनला पाणी पुरे चढते. पर्यावरणाचा तास इथूनच सुरू करावा. वडीलधारे माणूस बरोबर घेऊन काठावर एक खुंट रोवावा आणि पंधरवडाभर पाण्याची रेघ नोंदवावी. पौर्णिमा-अमावास्येचे उधाण आणि अष्टमीचा भांग खुंटावर दिसतात. ओहोटीला तिवराची मुळे चिखलातून वर आलेली असतात, ती का, हे मुलांना आधी विचारावे. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळे वर काढून श्वास घेते.

हे झाले पाहणे. पण वहीतले आकडे कोणाच्या उपयोगी पडणार? या प्रश्नाचे उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सापडते. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. त्यांच्या अभ्यासक्रमात माध्यमिक शाळेतली मुले आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात आणि गावाला लागणारी सेवा देतात. गावाला द्यायचे काम म्हटले की मूल मापात चूक होऊ देत नाही. गुणांसाठी केलेल्या प्रयोगात ही काळजी क्वचितच दिसते.

आपल्याकडे असे काम विहिरीचे आहे. समुद्रकाठी उपसा वाढला की गोड्या पाण्यात खारे पाणी शिरते. हातात मावणाऱ्या मापकाने पाण्यात विरघळलेले क्षार मोजता येतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. प्रत्येक विहिरीचे माप चैत्रात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा घ्यावे.

इथे मात्र मास्तरांनी फार जपले पाहिजे. शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मोजणीत प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत ती देशात पहिली आली होती. आपले मापक फक्त क्षारांचा एकंदर आकडा सांगते. त्यात कारखान्याचे रसायन आहे का, जंतू आहेत का, याची त्याला वार्ताही नसते. तेव्हा एखाद्या काकूंना मुलाने ‘‘तुमचे पाणी चांगले आहे’’ असे सांगितले, तर ती सेवा नव्हे, घात होईल. मुलाने एवढेच म्हणावे, ‘‘काकू, क्षार इतके आहेत, बाकीची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्या.’’ पाण्याला वास किंवा रंग आला असेल, तर माप काहीही निघो, त्याच दिवशी ग्रामपंचायतीला लेखी कळवून नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत धाडायला सांगावे. त्या अर्जाची पोच शाळेच्या नोंदवहीला चिकटवून ठेवावी. पुढच्या वर्षीच्या मुलांना ती लागते.