मिथेनला वास नसतो

‘गॅसचा वास येतोय’ हे वाक्य आपल्या तोंडी इतकं बसलंय, की गॅसला वास असणारच असं सगळे धरून चालतात. पण नैसर्गिक वायूचा, म्हणजे पाइपनं घरी येणाऱ्या गॅसचा, मुख्य घटक मिथेन; त्याला ना रंग, ना वास. नाकाला झोंबतं ते मर्कॅप्टन. गळती कळावी म्हणून ते मुद्दाम मिसळलेलं असतं. ही खबरदारी नव्हती तेव्हा काय घडलं, हे टेक्सासमधल्या न्यू लंडन गावानं सोसलं. १८ मार्च १९३७ रोजी तिथल्या शाळेखाली साठलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला. सुमारे ३०० जीव गेले, त्यांत बहुतेक मुलं. त्यानंतर टेक्सासनं वायूत वास मिसळणं सक्तीचं केलं.

दुसरा समज शोधाबद्दलचा: अठराव्या शतकात शोध लागेपर्यंत मिथेन कुणाला ठाऊकच नव्हता. जमिनीतून येणारा, पेट घेणारा वायू माणसाला शतकानुशतकं ठाऊक होता. चीनच्या सिचुआन प्रांतात तो बांबूच्या नळ्यांतून आणून त्यावर मिठाचं पाणी आटवत. बाकूजवळच्या आतेशगाह या अग्निमंदिरात अशाच ज्वालांची पूजा होई. तिथले काही शिलालेख तर चक्क देवनागरीत आहेत. मग अलेस्सांद्रो व्होल्टाला शोधाचं श्रेय कशासाठी? बॅटरीमुळे नावाजलेल्या या इटालियन शास्त्रज्ञानं हा वायू वेगळा काढून तपासला, म्हणून.

नोव्हेंबर १७७६ मध्ये तो इटलीतल्या माजोरे सरोवराच्या काठी, आंजेराजवळ होता. बोरूंच्या बेटाखालचा गाळ त्यानं काठीनं ढवळला, वर आलेले बुडबुडे पाण्यानं भरलेल्या उपड्या बाटलीत धरले आणि घरी नेऊन पेटवून पाहिले. ज्योत निळसर आणि संथ. हायड्रोजन तेव्हा ‘ज्वलनशील हवा’ म्हणून माहीत होता, पण या वायूला जळायला त्याहून कितीतरी जास्त हवा लागते, हे त्याच्या ध्यानात आलं. कुजणाऱ्या वनस्पतींशी त्याचं नातंही त्यानं ओळखलं. पुढे विजेच्या ठिणगीनं हा वायू पेटवणारं पिस्तूल त्यानं बनवलं आणि कोमोहून मिलानपर्यंत तार टाकून तिथलं पिस्तूल उडवता येईल, अशी कल्पनाही मांडली. तारायंत्र यायला तेव्हा बराच अवकाश होता! ‘मिथेन’ हे नाव मात्र १८६६ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ हॉफमान यांनी दिलं.

गोबरगॅसही मुख्यतः मिथेनच, पण त्याला शेणच लागतं, असंही नाही. प्राणवायू नसलेल्या जागी सूक्ष्मजीव अनेक प्रकारचे सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि मिथेन बाहेर पडतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्येच मैल्यापासून हा वायू मिळवला होता. गाय मिथेन सोडते तीही मुख्यतः तोंडावाटे, ढेकरांतून. शेपटीकडून जातो तो अगदी थोडा.

सगळ्यात घातक गैरसमज घरातलाच आहे: सिलिंडरमधला आणि पाइपमधला गॅस एकच. पाइपनं येतो तो मुख्यतः मिथेन, हवेच्या साधारण निम्म्या वजनाचा. गळला तर छताकडे जातो. सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन, हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. तो जमिनीलगत साचतो. म्हणून गळती सांगणारं यंत्र पाइपच्या गॅससाठी छताजवळ आणि सिलिंडरसाठी जमिनीजवळ बसवावं. वास आला तर मात्र दोन्हीकडे एकच नियम पाळा: दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालू-बंद करू नका, गॅस बंद करा आणि दारं-खिडक्या उघडा.