साखर आणि आखडलेला खांदा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मधुमेह म्हटला की आपल्याला डोळे आठवतात, मूत्रपिंडं आठवतात, पायाची न भरणारी जखम आठवते. दवाखान्याच्या भिंतीवर मधुमेहाचं जे चित्र टांगलेलं असतं, त्यातही बाण जातात ते याच अवयवांकडे. खांद्याकडे जाणारा बाण मी तरी अजून पाहिलेला नाही. वास्तविक एकूण लोकसंख्येत शंभरातल्या दोन ते पाच जणांचा खांदा आखडतो, तर मधुमेह असलेल्यांमध्ये साधारण दहा ते वीस जणांचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानं झालेली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली देशव्यापी पाहणी सांगते की, भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. म्हणजे किती खांदे झाले, याचा हिशेब आपणच करावा.

मी डॉक्टर नाही. माध्यमिक शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि २०२० मध्ये निवृत्त झाले. २०११ पासून मला मधुमेह आहे. २०१७ च्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा आखडला, तो जवळजवळ दोन वर्षं तसा होता. त्या काळात डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपीच्या मुलीनं जे समजावलं, जे वाचलं आणि जे अंगावर काढलं, ते सांगते.

हे दुखणं गुपचूप येतं. पडलं नाही, मार लागला नाही, जड काही उचललं नाही, तरी एक दिवस फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख लिहिताना दंडातून कळ जाते. मग पंधरा दिवसांनी बसमध्ये वरची दांडी धरवत नाही. मग पाठीमागे हात जात नाही. बायकांना हे ब्लाऊजच्या हुकांवरून आणि वेणीवरून कळतं, पुरुषांना मागच्या खिशातल्या पाकिटावरून. पण खरा छळ रात्रीचा. त्या कुशीवर वळलं की जाग येते, उताणं झोपलं तरी खांदा ठणकत राहतो. पहाटे तीनला उठून स्वयंपाकघरात बसून राहिलेली बाई दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांवर विनाकारण खेकसते, याची साक्ष माझे तेव्हाचे विद्यार्थी देतील.

वैद्यकशास्त्राला या दुखण्याची ओळख जुनी आहे. फ्रान्समधले डॉक्टर द्युप्ले यांनी १८७२ मध्ये त्याचं वर्णन केलं. अमेरिकेतल्या कॉडमन यांनी १९३४ मध्ये त्याला ‘फ्रोजन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा, हे नाव दिलं आणि तेच रूढ झालं. जपानी लोक त्याला सरळ ‘पन्नाशीचा खांदा’ म्हणतात. मला हे नाव जास्त आवडतं, कारण चाळीस ते साठ या वयातच हे दुखणं बहुतेक गाठतं, आणि पुरुषांपेक्षा बायकांना थोडं अधिक.

खांद्यात नेमकं होतं काय? आपल्या खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर टेकलेला चेंडू. त्याभोवती एक पातळ पिशवी असते. ती सैल असते, काखेच्या बाजूला तिला चुण्या असतात आणि हात वर नेला की त्या चुण्या उलगडतात. खांदा आखडतो तेव्हा या पिशवीला आधी सूज येते, मग ती जाड होते आणि आकसते. पहिल्याच धुण्यात आटलेला सुती ब्लाऊज घालून बघा. शिवण कुठे उसवलेली नसते, कापड फाटलेलं नसतं, पण हात उचलला की काखेत ताण बसतो. अगदी तसंच. एरवी या पिशवीत चार-पाच चहाचे चमचे द्रव मावेल एवढी जागा असते, आखडलेल्या खांद्यात ती दोन चमच्यांच्याही खाली येते. हाडाला काहीच झालेलं नसतं, त्यामुळे एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. ‘रिपोर्टमध्ये तर काही नाही’ असं घरचे म्हणतात, आणि दुखणाऱ्याला आपण नाटक करतोय की काय असं वाटू लागतं.

आता साखरेचा संबंध. तव्यावर पाव भाजला की तो तांबूस होतो. तिथे साखर आणि प्रथिनं यांची उष्णतेनं गट्टी जमते. आपल्या शरीरात तसाच प्रकार फार मंद गतीनं चालू असतो. रक्तात साखर जास्त असली की ती प्रथिनांना चिकटत राहते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी चाचणी आपण करतो, एचबीएवनसी, ती लाल पेशींतल्या प्रथिनाला चिकटलेली ही साखरच मोजते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. जुनी गेली, नवी आली, की हिशेबाची वही कोरी होते. खांद्याच्या पिशवीचं तसं नाही. ती कोलॅजन नावाच्या चिवट धाग्यांची असते आणि हे धागे वर्षानुवर्षं बदलत नाहीत. त्यांना चिकटलेली साखर साचत जाते, शेजारच्या धाग्यांना एकमेकांत जखडते आणि पिशवीची लवचीकता जाते. पन्नाशीत खांदा धरला, तर त्यामागे चाळिशीतली साखरही असू शकते, ती अशी.

हे समजल्यावर माझा एक गोंधळ मिटला. त्या वर्षी माझी साखर बरीच आटोक्यात होती. मग खांदा का सुटत नाही, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी हा धाग्यांचा हिशेब समजावला. रक्ताचं घड्याळ आठवड्यांत चालतं, खांद्याचं वर्षांत. दोन्ही घड्याळं एकाच साखरेनं बिघडतात, पण एक दुरुस्त झालं म्हणून दुसरं लगेच होत नाही. ‘साखर उतरली तरी हात वर जात नाही, म्हणजे औषध लागू पडत नाही’ असं समजून गोळ्या सोडणारी माणसं मी फिजिओथेरपीच्या बाकावर बसलेली पाहिली आहेत.

हेच धागे बोटांतही असतात. देवाला नमस्कार करतो तसे दोन्ही तळवे जोडून पाहावेत. बोटं आणि तळवे एकमेकांना पूर्ण टेकत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवावं. डॉक्टर स्वतःही ही खूण पाहतात.

खांद्याची घरच्या घरी एक परीक्षा आहे. कोपर कमरेला चिकटवून काटकोनात वाकवा, पंजा समोर ठेवा आणि कोपर न हलवता पंजा बाहेरच्या बाजूला न्या, दाराची फळी उघडावी तसा. आखडलेल्या खांद्यात ही हालचाल सर्वांत आधी जाते. दुसरी गोष्ट, तो हात दुसऱ्या कुणी हलवायचा प्रयत्न केला तरी हलत नाही. स्नायूचा धागा तुटला असेल तर आपल्याला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्यानं उचलला तर बहुधा जातो. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचं. आणि एक इशारा सर्वांत महत्त्वाचा. चालताना किंवा जिना चढताना खांद्यात, दंडात, जबड्यात दुखू लागलं, थांबल्यावर कमी झालं, किंवा सोबत घाम, धाप, मळमळ आली, तर ते खांद्याचं दुखणं नव्हे असंच धरून तडक रुग्णालय गाठावं. मधुमेहींच्या हृदयविकाराला छातीतली कळ सोबत असतेच असं नाही. खांदा लाल, गरम झाला आणि ताप आला, तरीही थांबू नये.

हे दुखणं तीन टप्प्यांतून जातं. पहिले काही महिने वेदनेचे, पुढचे काही महिने ताठरपणाचे, यात वेदना कमी होते पण हात लाकडासारखा राहतो. मग हळूहळू सुटण्याचा काळ. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. मधुमेहींना वेळ जास्त लागतो आणि काहींच्या हाताची शेवटची चार बोटं उंची परत येत नाही.

या काळात सल्ल्यांची कमतरता नसते. एक पक्ष म्हणतो, हाताला पूर्ण विश्रांती द्या, गळ्यात बांधून ठेवा. दुसरा म्हणतो, एक जोराचा हिसका द्या, सुटेल. दोन्ही सल्ले वाईट. बांधून ठेवलेला हात आणखी आखडतो, आणि हिसक्यानं सुजलेली पिशवी चिडते. तेल हलक्या हातानं चोळलं तर बरं वाटतं, चोळावं, पण ते पिशवीपर्यंत पोचत नाही हेही लक्षात ठेवावं.

पहिल्या टप्प्यात मला मिळालेला व्यायाम अगदी साधा होता. चांगला हात टेबलावर टेकून वाकायचं, दुखरा हात लोलकासारखा लोंबकळू द्यायचा आणि अंग झुलवून तो हलवायचा. हा व्यायाम त्याच कॉडमन यांच्या नावानं ओळखला जातो. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं. नंतर भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं, काठी दोन्ही हातांनी धरून चांगल्या हातानं दुखऱ्याला बाहेर ढकलणं, टॉवेल पाठीमागे धरून ओढणं. मापाचा नियम असा, की व्यायामानंतर थोडा वेळ दुखलं तर चालेल, पण त्यानं रात्रीची झोप मोडली तर उद्याचं माप कमी करायचं. मी भिंतीवर पेन्सिलीनं खुणा करत असे. पहिली खूण हनुवटीच्या उंचीवर होती. पाच महिन्यांत ती जेमतेम कपाळापर्यंत गेली, नंतरच्या दोन महिन्यांत एकदम वीतभर वर. मधल्या कंटाळवाण्या महिन्यांत त्या खुणांनीच मला तग धरायला लावलं.

घरातल्या काही युक्त्या. कपडा घालताना दुखऱ्या हाताची बाही आधी, काढताना शेवटी. पुढून हुक असलेले ब्लाऊज शिवून घ्यावेत. झोपताना दुखऱ्या दंडाखाली उशी ठेवावी. रोजचे डबे वरच्या फळीवरून खाली आणावेत. शेक द्यायचा तर पाण्याची पिशवी आधी दुसऱ्या, चांगल्या संवेदनेच्या जागी लावून पाहावी, कारण मधुमेहात कातडीची जाणीव बोथट झालेली असू शकते आणि भाजल्याचं कळत नाही. वेदनाशामक गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत, त्यांतल्या अनेक गोळ्या मूत्रपिंडाला जाचतात.

सांध्यात द्यायच्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दल लोक घाबरतात. सुरुवातीच्या, वेदनेच्या काळात त्याचा चांगला उपयोग होतो. मला त्यानं सलग झोप दिली, आणि तेव्हा मला बाकी काही नको होतं. पण साखर चढते, हे आधी ठाऊक हवं. माझी उपाशीपोटीची साखर १४० च्या आसपास असे, ती दुसऱ्या दिवशी २६० झाली आणि सहाव्या दिवशी खाली आली. डॉक्टरांनी तसं आधीच सांगून त्या आठवड्यासाठी औषधाचं प्रमाण ठरवून दिलं होतं. म्हणून इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना मधुमेह आहे हे सांगावं आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना इंजेक्शन घेणार आहोत हे सांगावं. एकमेकांना ते कळेल असं गृहीत धरू नये. महिनोन् महिने काहीच फरक न पडलेल्यांसाठी दुर्बिणीतून पिशवी मोकळी करण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण ती थोड्यांनाच लागते.

खांदा दुखतो म्हणून फिरणं बंद, झोप नाही म्हणून चिडचिड, त्यातून अवेळी खाणं, आणि साखर वर. हे चक्र मी चालणं न सोडता थोडं थांबवलं. हात खिशात किंवा पदरात अडकवून चालता येतं.

आमच्या गल्लीतल्या एका रिक्षाचालकाचा खांदा असाच आखडला. वय त्रेचाळीस, साखर कधी तपासलेलीच नव्हती. खांद्यासाठी गेला, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि मधुमेह निघाला. त्यामुळे कारण नसताना खांदा धरला, तर साखर आणि सोबत थायरॉइड तपासून घ्यायला हरकत नाही.

एकदा सुटलेला खांदा पुन्हा आखडणं विरळा. दुसरा मात्र आखडू शकतो, मधुमेहींमध्ये जास्तच. माझा डावा २०२२ मध्ये कुरकुरू लागला. त्या वेळी मी पहिल्या महिन्यातच डॉक्टरांकडे गेले, लोलकाचा व्यायाम त्याच दिवशी सुरू केला आणि तो आठ महिन्यांत मोकळा झाला. आता दर रविवारी अंघोळीनंतर दोन्ही कोपरं कमरेला लावून पंजे बाहेर नेऊन पाहते. डावा अजून उजव्यापेक्षा थोडा कमी जातो.